उत्तर ध्रुवाचा तलाठी

"खुशाल जा," मी मेव्हण्याला म्हणालो. "यंदा थंडीचं तसं काही दिसत नाही. आईंना तिरुपतीला नेऊन आण. बागेची काळजी करू नको."

हे खोटं होतं. मला थंडी दिसत होती. त्याआधी कित्येक दिवस मी रोज सकाळी चहाच्याही आधी तिचाच माग काढत होतो. ती खाली यावी, लातूरकडं यावी, औशाच्या त्या काळ्या रानात उतरावी, आणि खरं सांगायचं तर माझ्या मेव्हण्याच्या द्राक्षबागेवरच उतरावी, अशी मनातून इच्छा करत होतो. माझा अंदाज चुकला आणि सल्ला चुकीचा निघाला, असं घडलेलं नाही. सल्ला मी जाणूनबुजून चुकीचा दिला. लिहायला बसलो तेव्हा आधी माझी बाजू मांडावी आणि मग हळूच हे सांगावं, असं वाटलं होतं. पण माझी बाजू मी स्वतःपुढं इतक्या वेळा मांडली आहे, की तिच्यात आता काही राम उरलेला नाही.

मी नांदेडला एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. बायकोचं माहेर औसा तालुक्यातलं. तिचा धाकटा भाऊ गावातला वजनदार बागायतदार. द्राक्षाची बाग, दोन बोअर, दारात गाडी, आणि सगळ्या गावाला पुरेल एवढं तोंड. मला तो दाजी म्हणतो आणि माझ्या बायकोला आक्का. गावात माझा मान होता तो दोन गोष्टींमुळं. एक म्हणजे मी त्या घरचा जावई, आणि दुसरी म्हणजे मी 'नांदेडचे सर'.

मला नाद हवामानाचा. त्यातही वरच्या हवेचा. ढग, पाऊस, वावटळ, आपल्या ओळखीचं हे सगळं वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात घडतं. त्याच्या वर आणखी एक थर आहे, कोरडा, जवळजवळ ढग नसलेला. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर सूर्य उगवत नाही. तिथली वरची हवा भयानक गार होते आणि तिच्याभोवती वाऱ्याचं एक अवाढव्य कडं गरगर फिरत राहतं. कडं मजबूत असलं की थंडी ध्रुवावर कोंडलेली राहते. पण एखाद्या वर्षी खालून, डोंगररांगांवरून आणि समुद्राच्या काठांवरून उठलेल्या हवेच्या मोठ्या लाटा वर चढतात आणि त्या कड्याला धडका देतात. कडं डळमळतं, कधी दुभंगतं, आणि तिथली हवा चार-सहा दिवसांत एकदम तापते. हा वरचा गोंधळ मग काही आठवड्यांत खाली झिरपतो. खालच्या वाऱ्यांच्या वाटा वाकड्या होतात आणि ध्रुवाकडची गार हवा दक्षिणेकडं कुठंतरी सांडते.

कुठं सांडेल, ते सांगणं फार अवघड. हे शेवटचं वाक्य मी वर्गात नेहमी जरा हळू म्हणायचो.

पहिल्या वर्षाची गोष्ट येळवशीला सुरू झाली. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूरकडची गावं ओस पडतात, शहरातली दुकानंही बंद होतात, कारण सगळी माणसं कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला गेलेली असतात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी झोपडी करतात, तिला कोप म्हणतात. कोपीत मातीचे पांडव मांडून पूजा होते. मग भाज्या आणि ओले दाणे बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली थंडगार आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवतात. जावई तर काय, घोंगडीच्या मधोमध.

त्या वर्षी ध्रुवावरचं कडं येळवशीच्या आधीच डळमळलं होतं, आणि ते नुकतंच पाहिल्यामुळं मला गप्प बसवेना. समोर आंबिलीचं मडकं होतं. मी डाव घेतला आणि आंबील जोरात फिरवली.

"हे बघा. असं फिरतंय तोवर सगळं आत राहतं. आता मी मडक्याला धक्का देतो."

दिला. आंबील घोंगडीवर आली.

"दाजी, आंबील सांडून राहिलाव," मेव्हणा म्हणाला. "माय, दुसरं मडकं झाकून ठिव."

लोक हसले. मीही हसलो.

"पर मंजे हुनार काय?" त्यानं विचारलं. आता तो खरोखर ऐकत होता. द्राक्षाला थंडी म्हणजे काय, ते त्याला सांगायची गरज नव्हती.

"दोन-तीन आठवड्यांत कडाक्याची थंडी. येणारच."

"येनारच?"

"लिहून घे."

येणारच, हा माझा शब्द. खरं तर मला एवढंच म्हणता येत होतं की शक्यता वाढली आहे, ती आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही, मधे बऱ्याच गोष्टी आहेत. पण सासुरवाडीची वीस-पंचवीस माणसं हातातला घास थांबवून माझ्याकडं पाहत होती. एवढ्या माणसांपुढं 'शक्यता' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

मेव्हण्यानं माझं ऐकलं. बाभळीची लाकडं आणून बांधावर रचली, पालापाचोळ्याचे ढीग केले, माणसं लावली. पहाटे बागेत शेकोट्या आणि धूर, आणि बोअरचं कोमट पाणी ठिबकनं. थंडी आली नाही. उलट ढग आले, हवा दमट झाली, आणि वेलींवर भुरी पडली. पानांवर पीठ शिंपडल्यासारखा तो पांढरा रोग. त्याच्या फवारण्या करताना मेव्हण्याचा जीव मेटाकुटीला आला.

मी त्याला फोन केला. माफी मागायला नव्हे, समजावून सांगायला.

"कडं दुभंगलंच होतं. माझं ते चुकलं नाही. फक्त गार हवा अमेरिकेकडं गेली."

तो म्हणाला, "मंग तिकडच्या लोकांनी शेकोट्या पेटवल्या आस्तील. बरं झालं, कुनाच्या तर कामाला आलाव."

हे मी सहन केलं. पुढचं झालं नाही. लातूरला नात्यातला एक साखरपुडा होता. मंगल कार्यालयात पाहुण्यांची ओळख करून देणं चाललं होतं. मेव्हण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हे आमचे दाजी. उत्तर ध्रुवाचे तलाठी. तिकडचा समदा सातबारा ह्यांच्याकडं आस्तो. आपल्या गावचं मातर काय इचारू नका."

सगळी पंगत हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "तलाठीसाहेब, एकांदा एकर निघतो का तिकडं? पानी बख्खळ आसंल." दुसरा म्हणाला, "आमचा फेरफार आडकलाय, बगा जरा." आणि बायकांच्या रांगेत माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मेव्हण्याचं बोलणं मी कदाचित विसरलो असतो. तो पदर विसरलो नाही.

नाव चिकटलं. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो की हॉटेलवाला चहा पुढं करत म्हणायचा, "या तलाठीसाहेब." सासरच्या फोनवर लहान भाचा विचारायचा, "फुवा, तिकडं अंधार हाय का आजून?" जावयानं राग दाखवायच्या आमच्याकडं ठरलेल्या रीती आहेत. ताटात कमी वाढून घ्यायचं, मुक्काम टाळायचा, आहेरात मिळालेली टॉवेल-टोपी तिथंच विसरून यायची. मी तिन्ही केल्या. पहिल्या दोन कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत, आणि टॉवेल-टोपी मेव्हण्यानं नांदेडला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. वर निरोप, "ध्रुवावर टोपी लागती, घेऊन जावा."

मग मी थंडीची वाट पाहू लागलो.

हे वाचायला विचित्र वाटेल, पण त्या उन्हाळ्यात, नांदेडचं ऊन भिंतीतून आत येत असताना, कूलरपुढं बसून मी थंडीचा विचार करायचो. थंडी कशी येईल, बागेत कशी शिरेल, हे मला पाठ झालं होतं. पिकायला आलेल्या द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं की त्याची साल ताणली जाते. अशा वेळी पारा एकदम खाली गेला की मणी तडकतात. मी ते तडे डोळ्यांपुढं आणायचो. आणि स्वतःलाही आणायचो. मी काहीच बोलणार नव्हतो, हिणवणार नव्हतो. फक्त हात मागं बांधून बागेत एक फेरी मारणार होतो, आणि मेव्हणा बांधावर उभा राहून माझी पाठ पाहणार होता. ही फेरी मी मनात इतक्या वेळा मारली, की कोणत्या ओळीपाशी थांबायचं तेही ठरलेलं होतं.

हिवाळा आला. ध्रुवावरचं कडं पुन्हा डळमळलं.

या वेळी मी घाई केली नाही. रोज पाहत गेलो. नुसतं वरचंच नव्हे, खालचंही जुळत होतं. पश्चिमेकडून धावणारा वरचा वेगवान वारा नेहमीपेक्षा दक्षिणेला वाकला होता. त्याच्या वाटेवरून हिमालयाकडं एकामागून एक विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वादळं, येत होते, उत्तरेत बर्फ पडत होतं, आणि प्रत्येकाच्या मागून कोरडा उत्तरेचा वारा खाली सरकत होता. मागच्या वर्षी मी ध्रुव आणि औसा यांच्यामधलं सगळं अंतर एका उडीत पार केलं होतं. या वर्षी पावलापावलानं थंडी येताना दिसत होती. तरीही नक्की म्हणता येत नव्हतं. पण मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त भरवसा होता.

मी लोकांना सांगायला सुरुवात केली. माझ्या एका सहकाऱ्याची अर्धापूरला केळी आहे. त्याला घरी चहाला बोलावून सांगितलं, या वेळी नीट, शक्यता हा शब्द न गिळता. रात्रीचं पाणी दे, घड झाकून घे, बांधाला धुराची सोय कर. आईला लोकरीचे मोजे आणून दिले. एका रविवारी घरातल्या सगळ्या गोधड्या मी स्वतः गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या. ज्यांच्यावर माझा राग नव्हता, त्या सगळ्यांना मी सावध केलं.

आणि येळवशीला सासुरवाडीला गेलो.

"या, या तलाठीसाहेब," मेव्हणा दुरूनच ओरडला. "ध्रुवावर पीकपानी कसं हाय औंदा?"

लोक हसले. मला घोंगडीवर बसवलं. या वेळी मडकं मुद्दाम माझ्यापासून लांब ठेवलं होतं आणि तेही सगळ्यांना दाखवून झालं. जेवण सुरू झालं. आंबील वाढायच्या निमित्तानं मेव्हणा माझ्याजवळ वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, आता खरंच इचारून राहिलो. मायला तिरुपतीला न्यायचं हाय. लई दिसांपासून मागं लागलीय, बागेपायी टाळून राहिलो. मन्यात पानी उतराया लागलंय. आत्ता गेलो तर चालंल का?"

मी बांधाकडं पाहिलं. बाभळीची लाकडं होती, ताडपत्रीखाली, नीट रचलेली. एवढं हसून झाल्यावरही त्यानं यंदा लाकडं आणून ठेवली होती.

"ती लाकडं?" मी विचारलं.

"तुमी म्हनाल तसं. लागत न्हाईत म्हनलाव तर देवळात भंडारा हाय, त्येंना देऊन टाकतो. मागून राहिलेत."

आता इथं माझं मन वितळलं, असं लिहिता आलं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. तो माझ्यावर विसंबून आहे हे मला लख्ख कळलं, आणि त्यानं मला आनंद झाला. वर्षभर मी नुसती वाट पाहत होतो. आता तो स्वतःच बागेचं फाटक उघडून मला विचारत होता. आणि माझ्याजवळ लपायला जागाही होती. थंडी येणार हे नक्की कुठं होतं? मागच्या वर्षी येणारच म्हणालो तर आली नाही. यंदा येत नाही म्हणालो आणि आली, तर त्यात माझा काय दोष? हवामानच आहे ते. ध्रुव काय माझ्या सांगण्यावर चालतो?

"खुशाल जा," मी म्हणालो.

तो सरळ उभा राहिला आणि रानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "माय, तलाठ्यानं सही केली गं. कर तयारी तिरुपतीची."

सासूबाई कोपीतून बाहेर आल्या आणि माझ्या हातावर खिरीची दुसरी वाटी ठेवली. मी ती संपवली.

येळवशीच्या संध्याकाळी पेटत्या पेंढीचा टेंभा पिकाभोवती फिरवतात. हेंडगा म्हणतात त्याला. रानाला रोगराई लागू नये, कुणाची नजर लागू नये म्हणून. मेव्हणा म्हणाला, "औंदा दाजींच्या हातानं." मी तो जळता हेंडगा घेऊन त्या बागेभोवती फिरलो. मागून पोरं ओरडत येत होती, ठिणग्या अंगावर येत होत्या, आणि बांधावर ती लाकडं तशीच रचलेली होती. दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली.

थंडी आली तेव्हा मेव्हणा आणि सासूबाई तिरुपतीत दर्शनाच्या रांगेत होते. तिथं आत जाताना मोबाइल जमा करून घेतात. मराठवाड्यात थंडीची लाट येणार हा इशारा सगळ्यांच्या फोनवर नेमका त्याच वेळात आला. मेव्हण्याचा फोन कुठल्याशा खिडकीआड पडून होता. बागेत राखणीला माणूस होता, पण त्याच्याजवळ ना लाकडं होती ना कुणी काही सांगितलेलं.

त्या सकाळी मी विष्णुपुरीच्या जलाशयाकडं फिरायला गेलो. पाण्यावरून वाफ निघत होती. नाकाचा शेंडा बधिर झाला होता. रस्त्याच्या कडेला माणसं टायर जाळून शेकत बसली होती. मी भराभर चालत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटत होतं. घरी आलो तर बायको गोधडी पांघरून, शेकोटीपुढं उभं राहावं तशी गॅसपुढं उभी होती.

"लई पडलीय," ती म्हणाली. "बागेचं काय झालं आसंल?"

"तिकडं एवढी नसेल," मी म्हणालो आणि आंघोळीला गेलो.

ते तिरुपतीहून परतल्यावर आम्ही दोघं गावी गेलो. मी बागेत शिरलो. हात मागं बांधले. घडाघडांत मणी तडकले होते, तड्यांतून रस गळून देठं चिकट झाली होती, त्यावर माश्या आणि गांधीलमाश्या बसल्या होत्या. सगळ्या बागेला आंबूस वास होता. मी वर्षभर मनात मारलेली फेरी प्रत्यक्ष मारत होतो, आणि अर्ध्या ओळीपर्यंत मला ती गोड लागली. हे खरं आहे, म्हणून लिहितो. पुढं पाय जड झाले, पण ते आतल्या चांगुलपणानं की वासानं, हे मी आजही सांगू शकत नाही.

ठरलेल्या जागी मी थांबलो आणि वळून पाहिलं. मेव्हणा बांधावर होताच. तो माझ्याकडं आला. मी तयार होतो. त्यानं शिवी द्यावी, गचांडी धरावी, काहीही करावं. तो म्हणाला, "दाजी, तुमी जिवाला लावून घेऊ नका. ध्रुव काय आपल्या हातात हाय व्हय?"

नंतर घरी, सगळ्यांसमोर, तो म्हणाला, "दाजींना कुनी बोलायचं न्हाई. चूक माजीच. मागल्या साली मी लई चिडवलो. मानूस भिऊन जातंय. थंडी येनार म्हनून वाटत आसलं तरी ह्यांनी भिऊन सांगितलं नसंल."

खऱ्याच्या किती जवळ आला होता तो, आणि तरी माझ्या बाजूनंच. मला त्याचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला. मी सूड घेतला होता आणि त्यानं तो सूड आहे हेच ओळखायला नकार दिला होता. उलट स्वतःच्या अंगावर घेऊन मला भित्रा ठरवलं होतं. म्हणजे त्यानं मला पुन्हा एकदा चारचौघांत लहान केलं, आणि तेही प्रेमानं. त्या रात्री मी मुक्काम केला नाही. नांदेडला निघालो.

अहमदपूर मागं पडलं. बायको खिडकीकडं बघत म्हणाली, "गच्चीवर गोधड्या तुमी कवा टाकल्या?"

"कधीतरी. आठवत नाही."

"मला आठवतंय. येळवशीच्या आदी. अर्धापूरच्या सरांना चहा मीच करून दिले. केळी झाका म्हनलाव तुमी त्येंना."

मी तिला समजावू लागलो. शक्यता म्हणजे काय, वरचा गोंधळ खाली येईलच असं नसतं, विक्षोभांचा मार्ग ऐन वेळी बदलतो, मागच्या वर्षी नाही का. मी चांगलं समजावतो. लोहा येईपर्यंत समजावत होतो.

"झालं?" ती म्हणाली. "माजा भाऊ तुमाला इचारला. तुमी काय सांगितलाव, ते मी ऐकले. मी त्याला सांगनार न्हाई. तुमी सांगायचं. तवर मी माहेरी जानार न्हाई."

मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. पण राखी तिनं टपालानं पाठवली. श्रावणात तिच्या आईनं बोलावलं तर घरात काम काढलं. गणपतीतही गेली नाही. प्रत्येक वेळी जायचं टळलं की ती माझ्याकडं एकदा पाहायची आणि कामाला लागायची. मी नजर चुकवायचो. कधीकधी तर मनात म्हणायचो, बरंय, हसली होती ना त्या दिवशी, भोगू दे थोडं. म्हणजे माझा सूड अजून संपला नव्हता. बागेवरून तो घरात आला होता.

भाऊबीजेला मेव्हणाच नांदेडला आला. ती त्याला ओवाळत होती.

"आक्का," तो म्हणाला, "मी दाजींना तलाठी म्हनलो म्हनून यीनास का? सोडून दिलो बग ते. गावात बी कुनाला म्हनू देत न्हाई. त्या हॉटेलवाल्याला बी दम दिलो."

तिनं ओवाळणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मी शंकरपाळ्यांची ताटली उचलून मेव्हण्यापुढं धरली.

"घे," मी म्हणालो. "आईनं केल्यात."

पुन्हा येळवस आली. त्या दिवशी बायकोनं साडी नेसली नाही, भज्जीच्या भाज्याही निवडल्या नाहीत. जन्मापासून एकही येळवस तिनं त्या रानाबाहेर काढली नव्हती. सकाळी ती नुसती स्वयंपाकघराच्या पाटावर बसून राहिली. दुपारी काय करायचं ते ठरलं नसल्यासारखी. तिला तसं बसलेलं मला बघवेना. मी पिशवी घेतली.

"जाऊन येतो," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. "जेवायच्या आदी सांगा," ती म्हणाली. "त्येच्या रानातलं खाऊन मंग न्हाई."

लातूरला गाडी बदलून मी फाट्यावर उतरलो. हॉटेल बंद होतं, मालकही कुणाच्या तरी रानात असणार. बागेत यंदाचे घड धरले होते. कोपीपाशी सगळी मंडळी तीच. घोंगडी अंथरलेली, मधली जागा मोकळी.

"आक्का?" सासूबाईंनी माझ्या मागं रस्त्याकडं पाहत विचारलं.

"ती नाही आली."

मेव्हण्याचा चेहरा उतरला, पण त्यानं सावरून घेतलं. "बसा दाजी. ताट वाढलंय."

"जेवायच्या आधी मला बोलायचंय."

"बोला की. ध्रुवाचं आसलं तर मडकं तेवडं सरकवतो." माणसं हसली. त्यानं लगेच जीभ चावली, दिलेला शब्द मोडल्यासारखी.

"मागच्या येळवशीला तू मला विचारलंस, तिरुपतीला जाऊ का. मी जा म्हणालो. मला तेव्हा थंडी येताना दिसत होती."

हसणं थांबलं. आणि लगेच, माझ्याही नकळत, मी सुरू झालो. "म्हणजे तसं नक्की नव्हतं. वरचं कडं डळमळलं होतं, पण ते डळमळलं तरी आपल्याकडं थंडी येईलच असं नसतं. त्याआधीच्या वर्षी तर..."

"दाजी, ध्रुव ऱ्हाऊ द्या," मेव्हणा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तुमाला सोताला काय वाटत होतं?"

"येईल असं वाटत होतं."

"आन?"

सासूबाईंच्या हातात आंबिलीचा डाव होता. तो त्यांनी मडक्यात सोडून दिला.

"यावी, असंही वाटत होतं," मी म्हणालो.

तो माझ्याकडं न बघता वेलींकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आक्काला म्हाईत हाय?"

"तेव्हापासून. मी तुला सांगेपर्यंत इथं पाऊल ठेवणार नाही म्हणाली. ती तुझ्यावर रुसलेली नाही. कधीच नव्हती."

त्यानं खिशातून फोन काढला, हातात धरला आणि तसाच परत ठेवला. मी घोंगडीवरून उठलो आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. धाकट्या मेव्हण्यापुढं जावयानं हात जोडायची आमच्याकडं पद्धत नाही. मी जोडले.

"चारचौघांत मला हसलास, एवढ्यासाठी मी तुझी बाग थंडीच्या तोंडी दिली," मी म्हणालो. "आईंच्या देवदर्शनाच्या आडून दिली. हवामानाचा त्यात काही दोष नव्हता. माझं चुकलं. मला माफ कर."